वासुदेवरावांची लाल खूण

समुद्रपुरात वासुदेवराव मिस्त्रींना कोणी "काय चाललं?" म्हणून विचारलं, तर ते उत्तर द्यायच्या आधी रस्त्यापलीकडे बघतात. पलीकडे टिकारामचं गॅरेज आहे. तिथे एखादी गाडी उभी असली तर वासुदेवरावांचं "बरं चाललं" असतं, दोन असल्या तर "चाललं आपलं", आणि चार असल्या तर ते विचारणाऱ्यालाच म्हणतात, "तुले काही कामधंदा नाई का बापा?"

माणूस तसा वाईट नाही. अठ्ठावन्न वर्षांचं वय, उंच अंगकाठी, आणि नखांच्या कडांत तीस वर्षांचं काळं तेल, जे लेकीच्या साखरपुड्यालाही निघालं नव्हतं. (तो साखरपुडा मोडला, पण तो काही तेलामुळे नाही.) जीप म्हणू नका, ट्रॅक्टर म्हणू नका, तालुक्यातलं ज्याला ज्याला इंजिन आहे ते कधी ना कधी त्यांच्या कडुलिंबाखाली येऊन गेलं आहे. कोणाची अडलेली गाडी त्यांनी कधी अर्ध्यावर सोडली नाही. फक्त एक गोष्ट होती. दुसऱ्याचं कौतुक झालेलं त्यांना सोसत नसे, आणि त्यातही ते टिकारामचं असलं की अंगाचा तिळपापड होई.

हा टिकाराम त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. गिरडकडच्या एका गोंड वस्तीतून बायकोला, सुंदराला घेऊन तो समुद्रपुरात आला तेव्हा त्याला पाना कशाशी खातात हे माहीत नव्हतं. वासुदेवरावांनी त्याला शिकवलं. अकरा वर्षं तो त्यांच्याकडे होता. कमी बोलायचा. इंजिनाला लाकडी दांडी लावून तिचं दुसरं टोक कानाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा की दुखणं कुठे आहे. ही विद्याही वासुदेवरावांचीच. पण त्यांचे डोळे काही मिटत नसत, कारण कोण कोण बघतंय हे बघायचं असे.

मग एक दिवस नानाजी, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर, आपली छोटी पांढरी गाडी घेऊन आले आणि काचेतून मान काढून म्हणाले, "टिकाराम हाये का?"

एवढंच. बाकी काही नाही. पण समोर उस्ताद उभा असताना नानाजींसारख्या माणसाने असं विचारावं, हे वासुदेवरावांच्या काळजात रुतून बसलं. त्या दिवसापासून टिकारामचं काही धड दिसेना. चहा पिताना आवाज करतो, पाना जागेवर ठेवत नाही, गिऱ्हाइकाशी हसतो. वर्षभर अशी किरकिर चालल्यावर टिकारामने एका सकाळी पाया पडून विचारलं, "उस्ताद, मी आपलं येगळं करू का?" वासुदेवराव म्हणाले, "कर न. कोणं अडवलं?" त्यांना वाटलं, जाईल हिंगणघाटला नाहीतर नागपूरला. तो गेला समोर, रस्ता ओलांडून. तेवढीच जागा सुंदराच्या भावाने मिळवून दिली होती.

त्याला आता आठ वर्षं झाली. आठ वर्षं दर दसऱ्याला टिकाराम आपट्याची पानं घेऊन आधी उस्तादाकडे येतो, आणि आठ वर्षं वासुदेवरावांना नेमकं त्याच वेळेला न्हाणीघरात जायचं असतं. सुमित्राबाई, त्यांची बायको, दारात उभी राहून सोनं घेते, त्याला फराळाचं देते, आणि आतल्या बादलीचा आवाज थांबायची वाट बघत नाही.

याच आठ वर्षांत वासुदेवरावांनी एक खूण सुरू केली. कोणत्याही गाडीचा बोल्ट असो की फिल्टर, कसून झाला की त्यावर नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढायची, अर्धी बोल्टवर आणि अर्धी इंजिनावर. मिस्त्री लोक अशी खूण करतात, त्यात नवल नाही. खूण जुळली म्हणजे बोल्ट ढिला झालेला नाही. पण वासुदेवरावांचा उद्देश वेगळा होता. खूण जुळली नाही, म्हणजे मधल्या काळात गिऱ्हाईक रस्ता ओलांडून आलं. मग ते काम करता करता गोड आवाजात विचारत, "कुठं दुसरीकडं दाखवलतं का जी गाडी?" आणि गिऱ्हाईक चोरी पकडल्यासारखं ओशाळं होई. त्यातली मजा ती बाकी कोणाला कळणार नाही.

आता त्यांची लेक, वर्षाली. हिंगणघाटला एका जिनिंग फॅक्टरीत ती कापूस पारखायच्या कामावर आहे. गाडीतून आलेल्या कापसाची मूठ हातात घ्यायची, बोटांनी धागा ओढायचा, रंग बघायचा, ओल बघायची आणि प्रत सांगायची. बापासारखीच उंच, आणि बापासारखीच नाकावर माशी बसू न देणारी. दसरा झाला की कापूस सुरू होतो, वजनकाटा संध्याकाळी उशिरापर्यंत चालतो आणि समुद्रपूरची शेवटची बस निघून जाते. गेल्या वर्षी तिने पूर्ण हंगाम मैत्रिणीकडे सतरंजीवर काढला. यंदा तिने ठरवलं, जुनी का होईना पण स्वतःची गाडी घ्यायची.

आणि पसंत केली ती नानाजींचीच. नानाजी चार वर्षांपूर्वी मुलाकडे पुण्याला गेले, तेव्हापासून ती पांढरी गाडी त्यांच्या टिनाच्या शेडखाली उभी होती. पुतण्या महिन्या-दोन महिन्यांनी चालू करून बघायचा तेवढंच.

वासुदेवरावांना ही बातमी जेवताना कळली. गाडीबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं, उलट छाती फुगली होती. पण भाताचा दुसरा घास घेताना ते सहज म्हणाले, "इंजन मी पाहून घेतो, मंगच हो म्हणजो."

वर्षालीने पाण्याचा पेला खाली ठेवला. "पाह्यलं बाबा. टिकारामकाकानं पाह्यलं परवा."

घास हातातच राहिला.

"तुमी जाम गावाले गेलते त्या दिवशी. पुतण्याले घाई होती. काका म्हणे इंजन चांगलं हाये, घे. फक्त तेल आन् तेलाचं फिल्टर बदलाव लागन, आन् फिल्टरचं काम तुझ्या बाबालेच करू देजो, म्हणे."

वासुदेवरावांनी घास ताटात ठेवला. घरात मिस्त्री बसलेला, त्याची लेक गाडी घेते, आणि पहिला हात लावतो तो टिकाराम! वरून हा साव उस्तादाला काम वाटून देतो. राजाने हत्तीवरून चिल्लर फेकावी तसं. त्यांनी तिला एकच विचारलं, पण त्यात सगळं आलं. "गाडी घेतल्यावर मंग दाखवशीन कोणाले? दर येळी?"

"पाहू न," वर्षाली म्हणाली. "ज्याचं काम चांगलं वाटन त्याले."

तिने ते चिडवायला म्हटलं की खरंच, हे त्यांना कळलं नाही. कुशीवर कुशी बदलत त्यांनी ठरवून टाकलं: ही गाडी रस्ता ओलांडून जाणार नाही. नानाजी गेले, अर्धं समुद्रपूर गेलं, जाऊ दे. लेक गेली तर मग आपण मिस्त्री कशाचे?

खंडेनवमीच्या सकाळी गाडी गॅरेजात आली. दुसऱ्या दिवशी दसरा, गाडीची पूजा, आणि परवापासून वर्षालीचा हंगाम. गॅरेजचा रिवाज असा की नवमीला दुपारपर्यंत अवजारं धुऊन पाटावर मांडायची, आणि एकदा कुंकू लागलं की दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. तेल बदलायला अर्धा तास पुरे. वासुदेवरावांनी गाडी गड्ड्यावर, म्हणजे गाडीखालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली आणि स्वतः खाली उतरले. वर्षाली वर स्टूल घेऊन बसली. शेजारच्या टपरीतले अण्णाजी चहाचा पेला घेऊन आले आणि गेलेच नाहीत. अण्णाजींना दुसऱ्याचं काम बघायला फार आवडतं.

काळं तेल घमेल्यात निथळलं. मग वासुदेवरावांनी फिल्टरला हात घातला. तेलाचं फिल्टर म्हणजे पेल्याएवढा पत्र्याचा डबा, इंजिनाच्या बुडाला आट्यांवर फिरवून बसवलेला. हाताने बसवतात, हाताने निघतो. हा निघेना.

त्यांनी चिंधी गुंडाळून फिरवला. निघेना. चेनचा पाना लावला. चेन घसरली आणि डबा चेपला. पुन्हा लावला, पुन्हा घसरली. बोटाचं साल निघालं.

"निघून नाई राह्यलं का?" अण्णाजी वरून म्हणाले.

"निघते. तुमी चहा प्या न."

पंधरा मिनिटांनी चहा संपला होता आणि फिल्टर जागचं हललं नव्हतं. वासुदेवरावांचा घाम नाकावरून टपटपत होता. आणि तेवढ्यात त्यांना एक गोष्ट सुचली, जी सुचताच घामातही थंड वाटलं. त्यांनी गड्ड्यातून मान वर काढली आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे कोण्या गाढवानं कसलं? असं फिल्टर कसतेत? नानाजी शेवटी शेवटी कोणाकडं गाडी न्यायचे, अण्णाजी, तुमीच सांगा!"

अण्णाजींनी मान हलवली. "टिकारामकडं."

"आयकलं का वर्षाली? हा तुझा काका. इंजनाले कान लावते, डोळे मिटते, सगळं नाटक. आन् काम पाह्य त्याचं. चार वर्षं लोकाच्या गाडीले फास लावून ठेवला! म्हणूनच म्हणे, बाबालेच करू देजो. मालूम होतं ना त्याले, निघनार नाई म्हणून!"

पलीकडे टिकाराम आपली अवजारं एकेक करून धूत होता. त्याचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा धुऊ लागला. वासुदेवरावांनी ते पाहिलं, आणि आठ वर्षांत मिळालं नव्हतं एवढं सुख त्यांना त्या एका क्षणात मिळालं.

त्या सुखाच्या भरातच चूक झाली. त्यांनी मोठा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर घेतला, डब्यावर टेकवला आणि हातोडीने आरपार ठोकला. असा खुपसलेला पेचकस दांड्यासारखा धरून फिरवायचा, की फिल्टर फिरतं. कधी कधी. या वेळी फिल्टर जागेवर राहिलं आणि पत्रा टर्रकन फाटला. रागाने त्यांनी आणखी एकदा ओढला. डबा फाटून हातात आला, आतला कागदाचा गाभा घमेल्यात पडला, आणि इंजिनाला चिकटून राहिली फक्त डब्याची बुडाची चकती. आता धरायलाच काही उरलं नव्हतं.

गाडीत तेल नाही, फिल्टर नाही, म्हणजे ती ढकलल्याशिवाय गड्ड्यावरून हलणार नाही. उद्या पूजा. परवा हंगाम.

"बाबा," वर्षाली हळूच म्हणाली, "काकाले बोलावू का?"

"काही गरज नाई!"

"काकाचं कसलेलं हाये न? मंग काकालेच काढू द्या न."

स्वतःच्याच शब्दांत माणूस असा सापडतो. ते "जा, आण" म्हणाले नाहीत, पण "नको" असंही म्हणाले नाहीत. वर्षाली उठून गेली.

ती गेली तसं त्यांनी डिझेलमध्ये चिंधी बुडवली. निदान चकती तरी पुसून ठेवावी, टिकारामने येऊन घाण बघू नये. वर्षानुवर्षांची काजळी होती, तेलात धूळ बसून तिची खपली झालेली. दोनदा पुसली, तीनदा पुसली, आणि खालून एक लाल रेघ वर आली. अर्धी चकतीच्या काठावर, अर्धी इंजिनावर. दोन्ही अर्ध्या एकमेकींना अगदी लागून.

वासुदेवराव गड्ड्यात खालीच बसले.

आठवलं, सगळं आठवलं. टिकाराम समोर गेला त्याच वर्षीची गोष्ट. नानाजी गाडी घेऊन आले होते, आणि तेल-फिल्टर होत असताना बोलता बोलता म्हणाले होते, "पुढच्या येळी जरा टिकारामले पण दाखवतो, त्याच्याही धंद्याले हातभार." तेव्हा वासुदेवराव हसले होते. मग खाली उतरून, हाताने बसवलेल्या फिल्टरला त्यांनी चेनचा पाना लावला होता. पाव फेरा. मग आणखी पाव. दात ओठांवर रोवून आणखी थोडा. 'आता खोलू दे त्याले,' असं म्हणत त्यांनी वर रेघ ओढली होती. गाडी टिकारामकडे जावी, त्याच्या हातून हे निघू नये, आणि नानाजींनी बघावं. असा तो बेत होता.

म्हणजे टिकारामने हे फिल्टर कधी काढलंच नव्हतं. नुसतं तेल बदलत राहिला. 'फिल्टरचं काम बाबालेच करू देजो.' त्याला रेघ दिसली होती तर, आणि उस्तादाची खूण म्हणून त्याने तिला हात लावला नव्हता.

रस्त्यावर चपलांचा आवाज आला. वासुदेवरावांनी चिंधी पेट्रोलात बुडवली आणि रेघेवर घासायला सुरुवात केली. लाज वाटत होती का? वाटत होती. पण लाजेपेक्षा भीती जास्त. आत्ता पाच मिनिटांपूर्वी आख्ख्या चौकाला ऐकवलं होतं. लेकीला ऐकवलं होतं. ती रेघ मात्र हट्टाने जात नव्हती. फिकी झाली, गुलाबी झाली, पण जाईना. आणि टिकारामचे पाय गड्ड्याच्या पायरीवर दिसले.

"उस्ताद, माह्ये अवजार पाटावर मांडून झाले. कुंकू लागलं," तो म्हणाला. "तुमचीच छन्नी द्या."

वासुदेवरावांनी छन्नी दिली. गड्डा अरुंद. दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आठ वर्षांत पहिल्यांदा. टिकारामने चकतीकडे बघितलं. त्याची नजर त्या फिक्या रेघेवर आली, थांबली, आणि पुढे गेली. वर्षालीने वरून वाकून मोबाइलचा उजेड धरला.

"काऊन रे टिकाराम," वरून अण्णाजींनी विचारलंच, "तुनंच कसलं म्हणते एवढं?"



टिकारामने छन्नीचं टोक चकतीच्या काठाला टेकवलं. "हो जी," तो म्हणाला. "माह्याच हातचं असन. नवं नवं गॅरेज होतं. ढिलं राहू नये म्हणून जास्त कसल्या गेलं."

मग त्याने ठोकायला सुरुवात केली. जोराने नाही. बारीक बारीक, एका जागी तीनदा, मग बोटभर पुढे तीनदा, मग आणखी पुढे. मधेच थांबून डिझेलचे दोन थेंब सोडायचा आणि पुन्हा. डोळे मिटलेले. "हळू ठोकाचं, आवाज आयकाचा," तो पुटपुटत होता, अगदी वासुदेवरावांच्या जुन्या सुरात. हे शब्द त्यांचे होते. ही विद्या त्यांची होती. आणि गेली आठ वर्षं ते स्वतः मात्र नुसते रागाने ठोकत होते. वीस मिनिटांनी आवाज बदलला, ठणठणचा ठपठप झाला. टिकारामने छन्नी ठेवली, चकती बोटांनी धरली आणि फिरवून काढली. काढल्या काढल्या ती मुठीत धरली, अशी की रेघ आत जावी.

"निघालं!" अण्णाजी ओरडले. टपरीवरचे दोघेतिघे गड्ड्याशी जमले होते, त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. टिकाराम वर चढला, कपाळ पुसत. आणि अण्णाजी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काम तर काम, पण चूक कबूल केली पाहा चारचौघात. त्याले छाती लागते बापा. मोठा माणूस हाये हा."

"खरं हाये," दुसरा कोणी म्हणाला.

वासुदेवराव गड्ड्यातून हे ऐकत होते. सुटले होते ते. काही बोलायची गरज नव्हती. नवं फिल्टर लावायचं, तेल भरायचं, संपलं. लेकीसमोर मान ताठ. पण 'मोठा माणूस' हे दोन शब्द त्यांच्या पोटात असे शिरले की त्यांना उभं राहवेना. चूक आपली! स्वतःच्या हाताने केलेली, पाना लावून, दात ओठ खाऊन केलेली चूक, आणि तिचीही वाहवा जाते त्या टिकारामला? गिऱ्हाइकं नेली, नानाजी नेले, आता आपलं पापसुद्धा हा नेतो आणि त्यावर पाठ थोपटून घेतो?

ते पायऱ्या चढून वर आले. टिकारामची मूठ धरली आणि बोटं उघडून चकती ओढून घेतली.

"नाई!" ते ओरडले. "हे त्याचं नाई. हे माह्यं हाये!"



"हे पाहा लाल. हे कोण लावते? मी लावतो. फिल्टर मीनं कसलं, आठ वर्षांआधी, चेन लावून. याच्या हातानं निघू नये म्हणून कसलं. हा खोटं बोलून राह्यला. याले काय गरज होती माह्या चुकीवर हात मारायची?"

शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर ते किती वेडं आहे हे त्यांचं त्यांनाच कळलं. अण्णाजींचं तोंड उघडं राहिलं होतं. टिकाराम खाली बघत होता, आणि त्याच्या मिशीत हसू होतं की नव्हतं ते सांगता येत नाही.

वर्षाली स्टुलावरून उठली. बापाच्या हातातून चकती घेतली, कापसाची मूठ उजेडात धरावी तशी धरली आणि अंगठ्याने रेघ चोळून पाहिली.

"हे नेलपॉलिश माह्यं हाये," ती म्हणाली. "गिरडच्या जत्रेतून आणलं होतं मी. आख्खं घर पालथं घातलं होतं त्याच्यासाठी. आईवर आरोप केला, दोन दिवस बोलली नाई तिच्याशी."

वासुदेवरावांनी मान खाली घातली.

"मले टॉर्च धरला तवाच दिसलं, बाबा. काका खोटं बोलले तेही तवाच समजलं. मी फक्त वाट पाहून राह्यली होती, तुमी कवा बोलता याची." तिने चकती त्यांच्या हातात परत दिली. "अजून दोन मिनिटं नसते बोलले न, तर ही गाडी मी कायमची काकाकडं लावणार होती. अन् तुमाले त्याचं कारण बी सांगितलं नसतं."

आता काय सांगावं तिला? की मी खरं बोललो ते खरेपणाने नाही बोललो, त्याची वाहवा सोसवली नाही म्हणून बोललो? एवढा खरा माणूस अजून समुद्रपुरात झालेला नाही. वासुदेवराव पुन्हा गड्ड्यात उतरले.

नवं फिल्टर त्यांनीच लावलं. रबरी कडीला बोटाने तेल चोळलं, हाताने फिरवलं, टेकल्यावर आणखी जरासं. हात सवयीने चेनच्या पान्याकडे गेला. वर्षाली वरून बघत होती, टिकाराम बघत होता. हात परत आला. खिशातली नेलपॉलिशची बाटली त्यांनी काढली तेवढ्यात वरून लेकीचा हात आला आणि बाटली घेऊन गेला.

अवजारं धुवायला त्या दिवशी ऊन उतरलं. टिकारामने न विचारताच एक बाजू धरली. छन्नी सगळ्यात शेवटी पाटावर गेली.

दसऱ्याच्या सकाळी पांढरी गाडी झेंडूची माळ घालून घरासमोर उभी राहिली, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. टिकाराम आणि सुंदरा आपट्याची पानं घेऊन आले. सुमित्राबाई सवयीने दारात गेली आणि थबकली, कारण वासुदेवराव न्हाणीघरात नव्हते. खुर्चीवर बसले होते, धुतलेला सदरा घालून. टिकारामने पानं दिली आणि वाकला. वासुदेवरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काही बोलायला गेले असते तर बहुतेक वाकडंच निघालं असतं.

वर्षालीने नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाकासमोरच्या दगडावर एका घावात फोडला. दोन भकलं झाली, एक मोठं, एक लहान. सगळ्यांत आधी कोणतं मोठं हेच त्यांना दिसलं. मोठं उजव्या हातात होतं. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं, आणि अण्णाजी रस्त्यावरून बघत होते तरीही मोठं भकल त्यांनी टिकारामच्या हातावर ठेवलं.

ठेवलं, आणि लगेच पोटात थोडं दुखलंच.